सूज उतरायची गोळी

प्रिय चिमणे,

तुझं माहेरून आलेलं पत्र मिळालं. अक्कलदाढ काढायची ठरली, सूज येऊ नये म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलंय, आणि ते घ्यावं की नाही हे तू मला विचारतेस. तेही मला. वाचून मी अशी हसले की संपादकबाई चष्मा काढून बघायला लागल्या.

माझी दाढ काढली तेव्हा तू उशाशी बसली होतीस. रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्यांसाठी आपल्या दोघींची आवाजचाचणी तोंडावर आली होती. डॉक्टरांनी मलाही अशीच गोळी दिली होती. तू पाकीट हातात घेऊन म्हणालीस, स्टेरॉइड म्हणजे विष, माझ्या मावशीचा चेहरा टम्म फुगला, हाडं भुसभुशीत झाली, आवाज गेला तो गेलाच. आणि माझ्यादेखत ते कचऱ्याच्या डब्यात टाकलंस. मी वेडी, तुझे आभार मानले.

चाचणीच्या दिवशी माझ्या तोंडात चमचा शिरत नव्हता. 'मंत्रिमंडळ' म्हणताना जी काही फजिती झाली, ती बघून काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक मान खाली घालून हसत होता. खुर्ची तुला मिळाली. त्याच सुजल्या तोंडाने मी तुझं अभिनंदनही केलं.

मग मध्यंतरी बँकेत तुझी मावशी भेटली. हाडं ठणठणीत, आवाज असा खणखणीत की अख्खी रांग वळून बघत होती. स्टेरॉइड आयुष्यात शिवले नाही म्हणाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तुला वाटतंय मला काहीच ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून मी दातओठ खात तुझी दाढ कधी ठणकते याची वाट बघत होते. देव ऐकतो म्हणायचं.

आधी तुझ्या मावशीसारखीच गोष्ट मी माझ्या मावशीच्या नावावर तिखटमीठ लावून तुला लिहिली होती. तो कागद फाडून हा घेतला. गोळी घे. डॉक्टरांनी सांगितली तशी, खाऊन झाल्यावर, सांगितले तितकेच दिवस. रात्रीच्या मुख्य बातम्यांच्या चाचणीला पुन्हा आपण दोघीच आहोत, आणि त्या दिवशी तुझं तोंड पुरतं उघडायला हवं, एकेक शब्द स्वच्छ यायला हवा. मी तुला हरवणार आहे, आणि हरल्यावर तुला दाढेचं नाव पुढे करता येता कामा नये.

तुझीच,
समोरच्या माइकवरची