जमिनीखालचा गुरू

आई, तू गेल्याला सतरा वर्षं झाली. तुला विचारायचं राहून गेलेलं पुष्कळ आहे, पण आज एकाच गोष्टीने माझं डोकं भंजाळलंय. तो जमिनीखालचा गुरू तू कुठून आणलास? तुझ्या माघारी मी एक कादंबरी लिहिली. डोंगरावरचं गाव, गावाच्या पोटात बसलेला म्हातारा गुरू, आणि गावातल्या प्रत्येकाच्या पायाला बांधलेली, कुणाला न दिसणारी दोरी त्याच्या मुठीत. तो रुसला की एकेक दोरी सोडतो आणि माणूस फुग्यासारखा आभाळात निघून जातो. आठवलं ना? विक्रोळीच्या खोलीत भाकऱ्या थापता थापता तू सांगायचीस तीच गोष्ट. मी तिची चारशे पानं केली, त्यात एक राजकन्या घातली, एक युद्ध घातलं, आणि लोकांना ती आवडली गं.

मागच्या महिन्यात घाटकोपरच्या एका वाचनालयात माझा कार्यक्रम होता. तो संपल्यावर एक निवृत्त गृहस्थ कापडी पिशवी घेऊन पुढे आले. पिशवीतून त्यांनी माझं पुस्तक काढलं आणि शेजारी एक जुनी, पिवळी पडलेली विज्ञान कादंबरी ठेवली, इंग्रजीतून मराठीत आणलेली. दोन्हींत चिठ्ठ्या खोचलेल्या. "चोरी म्हणत नाही मी," ते म्हणाले, "पण मॅडम, इथे छोटासा ग्रह आहे, तुमच्याकडे डोंगर. इथे जमिनीखाली गुरुत्वाकर्षणाचं यंत्र आहे, तुमच्याकडे गुरू. यंत्र बिघडतं, माणसं उडतात. बदललंत काय?" मी ते पुस्तक जन्मात वाचलं नव्हतं. तसं सांगितलं तर ते नुसते हसले आणि पुस्तक माझ्या हातात ठेवून निघून गेले. मला इतका राग आला की बोरिवलीला घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

माझी संपादक वयाने लहान आहे, तिला यात काहीच वाटलं नाही. "मॅडम, टेन्शन नका घेऊ ना," ती फोनवर म्हणाली. "फँटसीवाले सगळेच तिथून उचलतात. यानाचं उडतं जहाज होतं, यंत्रमानवाचा मंतरलेला पुतळा होतो, परग्रहाचं सात डोंगरांपलीकडचं राज्य होतं. दुसरी आवृत्ती छापायला चाललीय, सोमवारपर्यंत ऋणनिर्देशाच्या दोन ओळी द्या, विषय संपला." तिचा विषय संपला, माझा सुरू झाला. घरातल्या जादूच्या कादंबऱ्या मी पुन्हा चाळायला घेतल्या, तर जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा जादूचा दगड म्हणजे कॉम्प्युटरच की! मग वाटलं, त्या विज्ञानवाल्यांनी तरी यान कुठून आणलं? आपल्या कीर्तनांत विमानं उडतच होती. कोण कुणाचं घेऊन बसलंय ते कळेना, आणि मी पुस्तकांच्या ढिगात मधोमध बसून राहिले.

शेवटी त्या गृहस्थांनी दिलेलं पुस्तक उघडलं. तिसऱ्या प्रकरणात 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द आला आणि मला एकदम मुलुंडचं स्वयंपाकघर दिसलं. मे महिन्याची सुट्टी आहे, तू मला कामावर सोबत नेलंयस. ज्यांच्याकडे तू पोळ्या करतेस ते सर कॉलेजात शिकवायचे, आता त्यांना अक्षर दिसत नाही. पोळ्या झाल्या की ते म्हणतात, "बाई, वाचता का थोडं?" तू सातवी पास. सुकलेल्या कणकेचं बोट ओळीखालून सरकवत तू वाचतेयस आणि मी उंबऱ्यावर बसून शिरा खातेय. "गुरु... गुरू... त्वा..." तू अडतेस. सर शब्द पुरा करतात आणि म्हणतात, "चला पुढे, कळेल." तू मान डोलावतेस. त्याच संध्याकाळी गुरू आपल्या घरी आला.

म्हणजे सर तुझ्याकडून वाचून घ्यायचे ते हेच पुस्तक होतं. पण मी तुला विचारलं होतं, कुठल्या पुस्तकातली गोष्ट, तेव्हा तू तुझ्या मालवणीत म्हणाली होतीस, "पुस्तक कित्याक होया? माझ्या डोक्यातली." ते खोटं होतं का गं? मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्यात यंत्र बिघडतं, इंजिनीअर येतो, दोन पानांत दुरुस्त करतो. रुसवा नाही, दोरी नाही, आणि गुरूची समजूत काढायला तांदळाची भाकरी घेऊन जमिनीखाली उतरणारी म्हातारी तर नाहीच नाही. तुला तो शब्द कळला नव्हता, की कळूनही तुला यंत्रापेक्षा गुरू बरा वाटला? मी रोज एक उत्तर ठरवते आणि दुसऱ्या दिवशी ते मोडते.

आज शनिवार. दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. त्या जुन्या कादंबरीचं नाव लिहावं, तर मी ती वाचलीच नव्हती. तुझं लिहावं, तर प्रत्येक मुलाखतीत मी जे सांगत आले त्याचं काय करू? मी सांगते की सहावीत विज्ञानाच्या तासाला फळ्यावर 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द पाहिला आणि मला गुरू सुचला. त्या तासाला खरं काय झालं ते तुला माहीत आहे. मी धावत घरी आले आणि पोट धरून हसले. "आई, गुरूबिरू कोणी नसतो! तो शब्द आहे, शब्द! तुला वाचताच आलं नाही!" तुझा हात तव्यावर तसाच थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तू ती उलटलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गुरू नाय तर नाय. पण कोणीतरी धरून ठेवल्यान हा मां?" त्यानंतर तू ती गोष्ट कधी सांगितली नाहीस. मीही कधी मागितली नाही. मला फार लाज वाटते गं त्या हसण्याची.

माझ्या कादंबरीचं शेवटचं वाक्य असं आहे: "गुरू नसेल तर नसेल. पण कुणीतरी धरून ठेवलंय ना?" लोक ते वहीत उतरवून घेतात आणि त्याखाली माझी सही मागतात. मी देते. तुझी मालवणी मोडून मी ते वाक्य पुस्तकी मराठीत लिहिलं, तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की सगळ्या वाचकांना कळावं म्हणून. खरं म्हणजे ते तुझं आहे हे कुणाला कळू नये म्हणून लिहिलं, आई.