चार सेन्सर आणि आत्याबाईंचा हात

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

चारही सेन्सर ८५ दाखवतायत! रेशमाच्या शेडमध्ये ८५ अंश म्हणजे अळ्या उकडूनच निघायच्या. आणि मी इथं शाल पांघरून बसलेय!

कॉम्प्युटर माझा, बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सला असतानाचा. लग्नात कपाटाबरोबर हाही बारामतीहून पणदऱ्याला आला, तेव्हापासून चादरीखाली. त्याच्या मागं नऊ पिनांचं सॉकेट आहे, हल्ली मिळत नाही तसलं. सेन्सर थेट त्यात लागत नाहीत. म्हणून मधला अडॅप्टर मीच करतेय – चार डायोड, एक रेझिस्टर, जुन्या मॉडेमची केबल, साबणाची डबी.

माझा नवरा ऋषिराज म्हणाला, "दुकानात तयार थर्मामीटर मिळतोय की!" मिळतो. पण तो एकाच जागेचं सांगणार, तेही आपण बघायला गेलो तर. मला शेडच्या चारही रॅकचं एकदम हवंय, दर मिनिटाला.

आणि खरं सांगू? मला करून बघायचंय! लग्नाला सहा वर्षं झाली, सोल्डरचा वास घेतला नव्हता.

१३ फेब्रुवारी

८५च.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! जोडणी बरोबरच होती. सेन्सरला मोजायला पाऊण सेकंद लागतो आणि माझा प्रोग्राम त्याआधीच उत्तर मागत होता. मोजून व्हायच्या आत विचारलं की तो आपला ८५ ठोकून देतो! प्रोग्रामला एक सेकंद थांबायला लावलं – २६.१, २६.४, २५.९, २६.३.

ओरडलेच मी. सासूबाई पाल्याची पाटी टाकून पळत आल्या. "काय गं, साप निघाला का काय?"

"न्हाय आत्याबाई, आकडं निघालं!"

१७ फेब्रुवारी, शनिवार

नवी बॅच आली. इवल्या अळ्या, तुतीचा पाला टाकला की तासात नुसत्या काड्या उरतात.

जानेवारीची बॅच अजून डोक्यातून जात नाही. तीन रॅक झकास, पश्चिमेच्या रॅकवरच्या अळ्या तेवढ्या मेल्या. "रोग असंल," ऋषिराज म्हणाला. हे शेड आत्याबाईंचं. ऊस मोडून तुती लावायची म्हणाल्या तेव्हा सगळी भावकी हसली होती. अळ्यांच्या बेडवर तळवा ठेवायचा आणि हुकूम सोडायचा – खिडकी उघड, पडदा सोड, शेगडी आण. कधी चुकलं नाही.

आता मलाच विचारतात, "उघडू का गं खिडकी?" मला कसंतरीच होतं. त्या रॅकवर असं काय झालं, ते मला कळलंच पाहिजे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज गंमत केली. पाच पेल्यांत कमी-जास्त गरम पाणी घेतलं, प्रत्येकात सेन्सर बुडवून आकडा लिहून ठेवला. आत्याबाईंना म्हटलं, बोट घालून ओळीनं लावा. धडाधड लावले! दोन पेल्यांत जेमतेम एका अंशाचा फरक होता, तोही ओळखला.

"तीस वरसं समद्यांच्या आंघुळीचं पाणी काढतीया मी," म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

माणसाच्या बोटात असं काय असतं? तिथं तर डायोडही नाहीत.

२४ फेब्रुवारी, शनिवार

गडबड. दुपारी आत्याबाई पश्चिमेच्या रॅकवर तळवा ठेवून म्हणाल्या, "हितं गार हाय गं. शेगडी आणू का?" मी स्क्रीन बघितला. तिथला सेन्सर ३१.८, बाकीचे अठ्ठावीसच्या आसपास!

परवा एका अंशाचा फरक ओळखणारी बाई चुकेल कशी? माझाच सोल्डर कच्चा असणार. तरी खात्री होईपर्यंत नको म्हटलं, शेगडी आणू दिली नाही. पण मी चुकत असले तर या बॅचचंही वाटोळं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सगळे टाके उपसून पुन्हा घातले. चारही सेन्सर एकाच तांब्यात बुडवले – अर्ध्या अंशाच्या आत सगळे सारखे! परत टांगले. पश्चिमेला ३२. त्या बाजूच्या पत्र्यावर दुपारभर ऊन असतं, हे तर पटण्यासारखं. ओलं पोतं टांगलं, दीड अंश उतरला.

आणि आत्याबाई आजही, "गारच हाय."

मग चुकतंय काय?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पेल्यांच्या खेळात उजवा हात होता.

शेडमध्ये पाल्याची पाटी उजव्या कमरेवर असते. बेडवर टेकतात तो डावा!

तेच पाच पेले पुन्हा मांडले. "आत्याबाई, आज डाव्या हातानं." करंगळी आणि शेजारचं बोट सगळ्यांत फिरवलं. "समदं सारखंच हाय की." शेवटचा पेला ४८ अंशांचा होता. हात धरून बाहेर काढला. करंगळीवर फोड, ताजा.

"हे कशानं?"

"चुलीम्होरं कवा भाजलं, समजलंच न्हाय."

मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी जानेवारीत शेगडी मीच ठिवली व्हती त्या रॅकखाली. मीच भाजल्या व्हय गं त्या?"

तो हात हातात घेऊन बसले. मी धरलाय हे त्या बोटांना कळत होतं की नाही, कुणास ठाऊक.

१ मार्च, शुक्रवार

बारामतीला त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी कोपरापाशी शीर चाचपली, हातावरचा फिकट डाग बघितला, कापूस लावला, टाचणी टोचून बघितली. कुष्ठरोग.

ऋषिराज खुर्चीवरून उठलाच. डॉक्टर म्हणाले, "बसा. लवकर आलात. गोळ्या फुकट मिळतात, सांगितलंय तितके महिने घ्यायच्या, बरं होतं. हे बोटांचं कसं लक्षात आलं?" मी साबणाची डबी, पेले, सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

आत्याबाईंनी एकच विचारलं, "पाल्याला हात लावू का न्हाय?"

"लावा. घरात ताट, अंथरूण काहीसुद्धा वेगळं करायचं नाही. फक्त चुलीपाशी हात जपा."

येताना गाडीत म्हणाल्या, "भावकीत बोलू नगा." ऋषिराज म्हणाला, "आई, तू गोळ्या घे. भावकीचं मी बघतो."

५ मार्च, मंगळवार

पश्चिमेच्या रॅकवर अळ्यांनी कोष धरले! आत्याबाई आता उजवा तळवा टेकतात आणि मला ओरडून आकडा विचारतात. आज त्या म्हणाल्या सत्तावीस, स्क्रीनवर २७.२. "तुझं यंत्र थोडं चुकतंय," म्हणाल्या!

८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं होतं. ऋषिराजचं ठीक. माझ्या दंडाच्या मागच्या बाजूला एक डाग निघाला. मला तिथलं दिसतच नाही.

म्हणाले, डोळे मिटा, कापूस लागला की सांगा. मिटले. किती वेळ वाट बघितली.

"कधी लावताय?" मी विचारलं.

"तीनदा लावून झाला," डॉक्टर म्हणाले.