गोदाकाठी नवा कार्बुरेटर

श्रावण शु. ४, शहागड

पार्सल आलं एकदाचं. मुंबईहून रेल्वेनं जालना, लॉरीनं वडीगोद्री, पुढं बैलगाडी. आत नावेच्या मोटरीचा नवा कार्बुरेटर. जुना खडकावर आपटून फुटला, तेव्हापासून दवाखान्याची नाव वल्ह्यावर. गोदेला पाणी चढलंय, अन् पलीकडच्या काठी पटकीचे रोगी. आमचे हे डॉक्टर, त्यांना जावंच लागतं. नाव कुठल्या कुठं वाहत जाऊन लागते. मला काठावर बसवत न्हाई.

नावाडी गफूरभाईंनी वस्तू हातात तोलली. "भाभी, हे मोटरचं फेफडं हाय. हवा अन् पेट्रोल इथंच मिसळतं."

किती मिसळतं? कोण ठरवतं? वरणात मीठ दोनदा पडलं.

शु. ५, नागपंचमी

कार्बुरेटर बसतो, पण फट राहते. मधे पुठ्ठ्याची चकती कापून घालायची, तर आज चिरणं-कापणं वर्ज्य. गफूरभाई हसले, "द्या इकडं, मला चालतं." मोटर पाण्याच्या पिंपात धरून दोरी ओढली. दोन भडाके, मंग बंद. पेट्रोल टपकून राह्यलं.

शु. ६

उघडून पाहिलं. आत लहानशी वाटी, वाटीत बूच तरंगतं. पेट्रोल भरलं की बूच वर येतं, नळीचं तोंड बंद. किती साधं! आपलं बूच पेट्रोल पिऊन जड झाल्तं, वर येईल कसं? उन्हात वाळवलं. स्पिरिटात लाख विरघळवून थर दिला.

हे : "स्पिरिट कोणी नेलं?"

सांगितलं.

"दवाखान्याचं आहे ते." पण बाटली परत मागितली न्हाई.

शु. ८

टपकणं थांबलं. बाजूला सुईसारखा स्क्रू आहे. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर की जास्त. फार कमी झालं की मोटर शिंकते. फार जास्त, की निळा धूर अन् घरघर. मधे एक जागा अशी, की आवाज एकदम सुती, एकसारखा निघतो. डोळ्यांना दिसत न्हाई ती, बोटांनाच सापडते. दुपारभर तेच करत बसले.

शु. ९

पिंपात बराबर, नदीत बंद! ह्यांना अन् औषधाच्या पेट्या घेऊन गफूरभाई निघाले. धार लागली न् मोटर शिंकून मेली. नाव गरगरली. कशीबशी वल्हवत परत आणली. हे भिजलेले, चिडलेले. "नाद सोड त्या यंत्राचा. तिकडं माणसं मरून राह्यलीत, अन् मी नदीत गोल फिरून राह्यलो."

खरं होतं. पण मोटर का मेली?

शु. १०

ओझं! पिंपातलं पाणी पात्यासंगं गोल फिरतं, मोटरीला जोर लागतच न्हाई. नदीत माणसं, पेट्या, धार. तिथं जास्त पेट्रोल पाहिजे. म्हणजे सुई भरल्या नावेतच लावायची. म्हणजे मी नावेत...

ह्यांना सांगितलं.

"लोक काय म्हणतील?"

"पलीकडचे रोगी काय म्हणतील, ते सांगा."

ह्यांनी औषधाची पेटी बंद केली. मंग, "पदर नीट खोचून बस. पोहता येत न्हाई तुला."

शु. ११

काठाकाठानं वर-खाली. पेट्या भरलेल्या, हे मधोमध. शिंकली की सुई किंचित बाहेर, घरघरली की आत. पाणी मनगटापर्यंत उडत होतं. एकदम आवाज जमला, अन् नाव धारेला तोंड देऊन चढली! गफूरभाई ओरडले, "या अल्ला, चली!" त्यांच्याकडून चारदा सुई बिघडवून पुन्हा लावून घेतली. ह्यांनाही म्हटलं, हात लावून बघा. "मला औषधं पुरेत."

शु. १२

सकाळी दोघं गेले. मी काठावर. आवाज सुती. मधोमध एक ओंडका आडवा आला. मोटरीपाशी ह्यांना बसवून गफूरभाई पुढं गेले, बांबूनं ओंडका लोटायला लागले. तेवढ्यात मोटर शिंकली. पुन्हा शिंकली. माझी बोटं हवेतच वळली.

मंग आवाज बसका झाला, जड, निळा धूर निघाला, अन् नाव पुढं सरकली. गफूरभाई तर बांबू धरूनच होते.

सुई ह्यांनी फिरवली? किती? शिंक ऐकून, का नुसतं घाबरून?

दिवस मावळला. पलीकडं कंदील लागलेत. भाकरी झाकून ठेवली. वाऱ्यावर कान लावून बसले आहे, परतीच्या मोटरीचा आवाज अजून न्हाई.