'अ' ही व्यक्ती बोलेनाशी झाली

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर अजून तेवढी वाकते.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की भेटेल त्याला नुसते करून दाखवता? माझी प्रकृती उत्तम. तुमच्या धाकट्या बंधूंचीही उत्तम, फक्त ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण "आपण" म्हणून बोलतात. काल म्हणाले, "आपल्याला सवड असेल तर चहा मिळू शकेल का?" इतक्या वर्षांच्या संसारात इतका सभ्य माणूस मी या घरात पाहिला नव्हता.

घडलं ते असं. आमच्या इमारतीतल्या महिला मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं : "समाजशास्त्र आणि आपलं रोजचं जगणं". मी पदवी घेतली त्याला जमाना झाला, पण सिद्धान्त तेच आहेत. बदलले असतील तर मला कोणी कळवलेलं नाही. मी मांडलं की माणूस म्हणजे त्याच्या भूमिका. एक सुटली की हाताला लागेल ती दुसरी तो पकडतो. आता श्रोत्यांना उदाहरण लागतं. (उदाहरणाशिवाय सिद्धान्त म्हणजे आमच्या शेजारणीचा सल्ला, ऐकायला भारदस्त आणि करायला काहीच नाही.) म्हणून म्हटलं, समजा "अ" नावाची एक व्यक्ती आहे. कारखान्यात सुपरवायझर होती, आता निवृत्त झाली. हाताखाली माणसं उरली नाहीत, म्हणून ती लिफ्टपाशी उभी राहून आत किती जण शिरतात ते बघते, लोकांच्या दारांबाहेरच्या चपला जोडीने लावते आणि जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला याची चौकशी करत फिरते. नाव मी शेवटपर्यंत घेतलं नाही. शास्त्रात गोपनीयता फार महत्त्वाची. पण चपला म्हणताच सगळ्या बायका हसायला लागल्या आणि माना मागे वळल्या, कारण "अ" मागच्या भिंतीशी माइकची वायर धरून उभी होती. वायर सैल होती आणि ती धरून ठेवायला मीच सांगितलं होतं. त्यांनी ती सोडली नाही, हे मान्य करायला हवं. व्याख्यान शेवटपर्यंत सगळ्यांना नीट ऐकू गेलं, दुर्दैवाने.

दुसऱ्या दिवसापासून तुमच्या बंधूंनी सगळं सोडलं आणि खुर्चीत बसले. आता दुसरा सिद्धान्त असा की समाजातल्या प्रत्येक गोष्टीचं एक उघड काम असतं आणि एक छुपं, आणि छुपं काम ती गोष्ट बंद पडल्यावरच कळतं. तसंच झालं. लिफ्टचं दार कोणी लावत नाही, त्यामुळे ती वरच अडकून बसते. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन जिने चढतात आणि प्रत्येक मजल्यावर माझा उद्धार करतात. समोरचे कंपाउंडर घाईघाईत दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून कामावर गेले. लोक दारात येऊन विचारतात, साहेब आजारी आहेत का? मी सांगते, आजारी नाहीत, त्यांची भूमिका गेली आहे. त्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग देऊन टाका ना परत," जणू मी ती कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

मी हातावर हात धरून बसलेली नाही. देवाणघेवाणीचा सिद्धान्त म्हणतो, काही द्यावं म्हणजे काही मिळतं. मी त्यांच्या आवडीचं गोड केलं. मला "आभारी आहे" मिळालं. मग संघर्षाचा सिद्धान्त धरून वर्तमानपत्रावरून भांडण उकरून काढलं. ते म्हणाले, "आपलं बरोबर आहे." वन्सं, तुमच्या बंधूंच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला घाम फुटला. वर दिवसभर खुर्चीतून मला न्याहाळत असतात. आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणसाचं वागणं बदलतं, हेही पुस्तकात आहेच. परवा मी भाजीत दोनदा मीठ घातलं. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

एकूण माझा सिद्धान्त अचूक ठरला आहे. तरी काळजीचं काही कारण नाही. भाचेमंडळींना आशीर्वाद.

आपली
भावजय

ता. क. लहानपणी ते रुसले की सासूबाई काय करत असत? उलट टपाली कळवा. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. माफी मागणं हा उपाय असेल तर ती नेमकी कशी मागतात तेही लिहा. मला सराव नाही.

ता. क. २. पत्र चिकटवून टेबलावर ठेवलं होतं, ते पुन्हा उघडून लिहिते आहे. आत्ता त्यांनी पाकीट उचलून पाहिलं आणि म्हणाले, "हे काय चिकटवलंयस? अर्ध्या वाटेत उघडेल. एक काम धड होत नाही तुझ्याच्याने." चिकटवलंयस. तुझ्याच्याने. डिंकाची बाटली शोधायला गेले आहेत आणि एकेक खण उघडताना माझा एकेक दोष सांगत आहेत. बाटली कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.