कासवाच्या मुंडक्याचा खटला

तीर्थरूप आक्का,

थिएनशौचा वाकून नमस्कार. काओशुंगला सुखरूप पोचलीस ना? बोट फार हलली नसेल अशी आशा आहे (उलटी झालीच असेल, तर तीत काय होतं ते कोणाला सांगू नकोस, कारण पुढे येईल). नवी कवळी बसली का नीट?

तू सणाच्या दुपारी मंदिरातून निघालीस आणि संध्याकाळी इथे बोंब झाली. देवापुढच्या, शेंगदाण्याचं कूट भरलेल्या लाल पिठाच्या कासवाचं मुंडकं गायब! राखणीला मी. त्यातून त्याच संध्याकाळी कौल लावून पुढल्या वर्षी देवाचं धूपपात्र सांभाळणारा मानकरी ठरायचा होता. या मानासाठी मी किती वर्षं झुरतो आहे, तुला ठाऊकच आहे. मासळीवाल्या बाँगछीकाकूंनी तिथेच जाहीर केलं, की चोराचं नाव कौलाला लागता कामा नये.

आक्का, मी कायदा शाळेत शिकलेलो नाही. बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता वाचला (म्हणूनच पक्का आहे, वकिलांसारखा पाठ केलेला नाही). मी शांतपणे सांगितलं, की आरोप करील त्याने सिद्ध करावं, तोवर मी निर्दोष. काकू म्हणाल्या, माझ्या सदऱ्यावर शेंगदाण्याचं कूट त्यांच्या सुनेने पाहिलं. मी म्हटलं, ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, सुनेलाच आणा. सून आली आणि म्हणाली, कूट कसलं, ते इंजिनाचं ग्रीस होतं. मग मंदिराचे अध्यक्ष जिनफा यांनी विचारलं, दुपारी मंदिरात कोण कोण आलं होतं? त्यावर मी गप्प बसण्याचा हक्क बजावला.

"एरवी याचं तोंड बंद करायला देवाला यावं लागतं," काकू म्हणाल्या, "आणि आज हा गप्प! आणखी काय पुरावा हवा रे, जिनफा?"

शेवटी ठरलं, देवालाच विचारायचं. मी अट घातली: कौल आरोप करणारीने टाकायचा, आणि प्रश्न नेमका हवा. 'थिएनशौने मुंडकं खाल्लं का?' एवढाच. काकूंनी लाकडाचे दोन तुकडे टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले, म्हणजे देव हसला: ना हो, ना नाही. परत टाकले, परत हसला. मी म्हटलं, देवालाही खात्री नाही. आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, हे काही मी आज काढलेलं नाही. अध्यक्षांना भूक लागली होती, त्यांनी मान्य केलं. माझं नाव कौलाला लागलं, आणि आक्का, सगळ्यांत जास्त वेळा देवाचा होकार (एक तुकडा उताणा, एक पालथा) मलाच पडला. मी मानकरी झालो. आता काकू माझ्याशी वाकून बोलतात, पण माझ्या सदऱ्याकडे बघत बघत.

तुझा धाकटा,
थिएनशौ

ता.क. कासवाच्या उरलेल्या मानेवर दातांचा ठसा होता. पूर्ण, सरळ, एकही दात न पडलेला. दुपारी मंदिरात आलेली सगळी साठीपुढची, आणि आपल्या गावात त्या वयात असे दात कोणाला आहेत? कोणी बघायच्या आत मी तो सुरीने सपाट कापला. भावाने बहिणीसाठी पुरावा पुसला तर आपल्या कायद्यात शिक्षा कमी होते, माफही होते. मी कापण्यापूर्वी वाचून घेतलं होतं.

ता.क. दुसरा. पुढल्या वर्षीचं कासव मानकऱ्यानेच द्यायचं असतं, आणि याहून मोठं. तू जरूर ये. फक्त मंदिरात येताना कवळी माझ्याकडे देऊन ये.