उलट प्रश्न न विचारणारं उत्तर

रविवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझा भाचा आता माझ्यापेक्षा उंच झालाय आणि ते दिवसातून दहादा ऐकवतो. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आपल्या शिलाई मशीनवाल्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर सध्या एकच वाद चाललाय: एआयनं लिहिलेली उत्तरं चालू द्यायची की नाही? उद्या मतदान. कट्टा सांभाळणारी मी, म्हणून दोन्हीकडून बोलणी खाते. मला मात्र भारी कुतूहल. परवा मीच त्याला विचारलं, कापडाच्या खालून दोऱ्याचा गुंता का होतो? पठ्ठ्या म्हणाला, आधी वरचा दोरा नीट ओवा. अगदी बरोबर! मी चाटच पडले. शिवाय कुणावर खेकसत नाही. हे आपल्यातल्या काहींना कधी जमणार? हो, तुलाच म्हणतेय.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

आपल्याकडे आहे तशाच काळ्या मशीनचे टाके सुटतात, असं कट्ट्यावर एकीनं विचारलं होतं. तुझ्या नावानं लांबलचक, गोड उत्तर आलं: सुईची सपाट बाजू मागे ठेवा. दादा, त्या मशीनला ती डावीकडे लागते. त्यावरच तू मला शिवायला शिकवलंस, सुई उलटी बसवली की टपली मारायचास. आणि तू कधी सरळ उत्तर दिलंयस? आधी तुझाच प्रश्न असायचा, "दोरा कुठल्या बाजूनं ओवता, बाई?" गेले काही महिने तुझ्या एकाही उत्तरात प्रश्न नाही.

लोक म्हणतात, हे एआयचं चिकटवतात, यांचं खातं बंद करा. मला त्याचा राग नाही आला. मी घाबरले. फोनवर तू भाच्याचं नाव दोनदा चुकलास आणि वहिनीनं घाईघाईनं विषय बदलला. विसरायला होतंय का रे तुला? म्हणून एआयचा आधार घेतोस?

तसं असेल तर लाज कसली? ते चुकीचं उत्तर मी काढून टाकलंय. माझं मत असं: एआयची उत्तरं येऊ देत, पण तसं वर स्पष्ट लिहावं आणि जाणत्यानं तपासावं. तुझं खातं मात्र मी बंद होऊ देणार नाही, मग कुणी कितीही आदळआपट करो.

शनिवारी येतेय. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. तोवर या पत्राचं उत्तर स्वतःच्या हातानं लिही. चुका असू देत, अर्धवट राहू दे. तुला काय होतंय, ते मला तुझ्याकडूनच कळायला हवंय.

तू विसरलास तरी तुझीच,
धाकटी