कोठीतले चार बिल्ले

३ मार्च, क्लिअर लेक

आले बाई एकदाची! लबकहून दहा तास गाडी हाकली, पाठीचं पार लाकूड झालं, पण खिडकीतून तळं दिसतं आणि कोपऱ्यावर कोलाची, म्हणजे आत मुरंबा भरलेले गोड पाव, मिळतात. आणखी काय हवं? उद्यापासून अवकाश केंद्रात किरणोत्सर्गाच्या टेबलावर रुजू. मंगळाकडे निघालेल्या, त्याला वळसा घालून परत येणाऱ्या यानात चार माणसं आहेत. त्यांच्या अंगावर रोज किती किरणोत्सर्ग पडतो, ते मी मोजायचं.

साहेबांना आजच भेटून आले. हॉलिस गिड्री, बोमाँटकडचे, आडदांड, हातात गोड चहाचा बादलीएवढा पेला. म्हणाले, नुसतं हॉलिस म्हण. आईने ऐकलं असतं तर माझं थोबाड रंगवलं असतं, म्हणून मिस्टर हॉलिस. वर म्हणाले, की पोरी, तुझ्याआधीचे तिघे कंटाळून रडले. रडायचं झालं तर झाडूचं कपाट तिकडे आहे.

५ मार्च

काम सोपं. यानातल्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. तो मिनिटामिनिटाला आकडा धाडतो आणि माझ्या पडद्यावर चार हिरव्या रेषा सरकतात. सकाळी चौघांचे आकडे माइकवर वाचून दाखवायचे, ही इथली रीत. आवाज पोचायला नऊ मिनिटं लागतात, उत्तर यायला आणखी नऊ. आज कप्तान गस हॅल्वर्सन यांचं उत्तर आलं, की ही लबकची बाई आकडे असे वाचते, जसा चर्चमध्ये रविवारच्या जेवणाचा बेत सांगतात. मी लाजून लाल.

प्रत्येकाला किरणोत्सर्गाचा जन्माचा एक कोटा असतो. तो संपला की पुन्हा उड्डाण नाही, टेबलावर बसून पेन्शनची वाट बघा. गस यांचा जेमतेम चिमूटभर उरलाय.

सूर्यावर वादळ उठलं की चौघांनी यानाच्या मधल्या कोठीत शिरायचं. तिच्या चारी भिंती पाण्याच्या टाक्यांच्या आणि अन्नाच्या पाकिटांच्या. पण सात वेळा ‘लांडगा आला रे आला’ झालं आणि दर वेळी दोन-दोन दिवस फुकट गेले. म्हणून नवा नियम: बिल्ल्याचा आकडा चढला, तरच आत. यानाच्या भिंतीवरचं मापक डिसेंबरपासून बंद आहे. सगळी भिस्त बिल्ल्यांवर.

११ मार्च

एक गंमत. चारही रेषा सदा एकत्र हलतात, जणू एकाच दोरीला बांधल्यात. आकडेही किती कमी! ‘चमूत कमालीचा एकोपा’ असं मी अहवालात लिहिलं. मिस्टर हॉलिस हसून हसून खोकले. म्हणाले, तीस वर्षं संसार करून मी आणि डार्लीन तासभर एका खोलीत टिकत नाही. वरच्यांनी अहवालाचं कौतुक केलं. आईला फोन करून सांगितलं.

२ एप्रिल

 जमेल तसं लिहिते.

सकाळी पावणेदहाला सूर्याच्या टेबलावरून निरोप आला, मोठं वादळ. मी रेषा पाहिल्या. किंचित चढलेल्या, नियमाच्या खूप खाली. मिस्टर हॉलिस म्हणाले, बिल्ला बोलू दे. आम्ही थांबलो. अर्धा तास थांबलो.

मग सहज कामाचं वेळापत्रक पाहिलं. गस आणि इंजिनिअर बॉइड यानाबाहेर, अँटेना दुरुस्त करताहेत. डॉक्टर इमोजिन पातळ भिंतींच्या प्रयोगशाळेत. भूगर्भवाली मार्सेला रात्रपाळी करून कोठीत झोपलेली. आणि चौघांचा आकडा एकच. बाहेर उभ्या माणसाचा आणि पाण्याआड झोपलेलीचा आकडा एक कसा असेल?

मी मिस्टर हॉलिसना म्हटलं, की बिल्ले माणसांवर नाहीत. त्यांनी माइक ओढला: सगळे कोठीत, आत्ताच! हुकूम सुटला. पोचायला दहा मिनिटं. बाहेरच्यांना आत यायला चाळीस. मी घड्याळाकडे बघत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

३ एप्रिल

गस यांनी कबूल केलं. जानेवारीपासून चारही बिल्ले कोठीत एका खिळ्याला लटकताहेत. त्यांचा कोटा परतीच्या आत संपणार होता. एकट्याचाच आकडा कमी दिसला तर चोरी उघडी पडेल, म्हणून बाकी तिघांनीही काढले. प्रेमापोटी.

मिस्टर हॉलिस म्हणाले, की मी तरुणपणी अणुवीज केंद्रात होतो, तिथे आम्ही बिल्ला जेवणाच्या डब्यात ठेवायचो, नाहीतर कोटा भरला की घरी बसवायचे. ठाऊक होतं मला, पोरी. ठाऊक असून दिसलं नाही. ते झाडूच्या कपाटात जाऊन बराच वेळ आले नाहीत.

आणि माझा तो एकोपा! मला तर तीन आठवडे डोळ्यांसमोर दिसत होतं.

६ एप्रिल

तिघांना उलट्या. मार्सेला ठणठणीत. मी वादळाच्या नोंदींवरून खरे आकडे काढले. चार वेळा काढले. बॉइड आणि इमोजिन वाचणार नाहीत. गसही नाही, फक्त थोडे मागून.

वरच्यांचा हुकूम, की सांगायचं नाही, आशा हेच औषध. रीत चालू ठेव, बिल्ल्यांचे आकडे वाच. मी वाचले. तीन, तीन, तीन, तीन.

९ एप्रिल

गस यांना भूक लागली! म्हणाले, दोन वाट्या भात खाल्ला, लबकच्या बाईला सांगा म्हातारा वाचला. खोलीत सगळे हसले. मला घाम फुटला. या आजारात असे चार-आठ दिवस बरे जातात. मग माणूस एकदम कोसळतो.

१९ला यान मंगळाआड जाईल. तिथे इंजिन हाताने पेटवून वेग कमी करायचा, तरच ते घराकडे वळतं. नाहीतर सरळ पुढे जातं, कायमचं. मंगळाआडून आमचा आवाज पोचत नाही. ते काम गस यांचं. मार्सेलाने त्या खुर्चीला हातही लावलेला नाही.

१२ एप्रिल

मार्सेलाला आजपासून शिकवा, असं मी वर जाऊन सांगितलं. म्हणाले, कप्तान बरा आहे, उगाच घबराट नको. मिस्टर हॉलिस भांडून आले. काही उपयोग नाही.

१५ एप्रिल

सांगितलं. सकाळच्या आकड्यातच. म्हटलं, गस, बिल्ल्याचा आकडा तीन आहे, तुमचा खरा आकडा— आणि सांगून टाकला. कोणीतरी माइक ओढून घेतला, पण शब्द निघून गेले होते.

बावीस मिनिटांनी उत्तर. आभार मानले. म्हणाले, बाई, सोमवारीच सांगायचं होतं ना, तेव्हा बोटं चालत होती, आता मिटत नाहीत. मार्सेलाला खुर्चीत बसवतो.

आज गुरुवार आहे. सोमवारी वरून नकार आल्यावर तीन दिवस मी गप्प बसले.

१७ एप्रिल

बॉइड गेला. इमोजिन बोलत नाही. गस यांचे शब्द अडखळतात, मध्येच झोपतात. मार्सेला विचारते, आम्ही सांगतो, तोवर बावीस मिनिटं— ती पुढच्या चुकीवर पोचलेली असते. मला परत माइक दिला, कारण ती माझंच ऐकते. बाकीचे सगळे खोटं बोललात म्हणाली.

१९ एप्रिल

२:०५. यान आड गेलं. इंजिन पेटलं तर वेग कमी होईल, यान उशिरा बाहेर येईल, पहिला संकेत २:४१ला येईल. त्याआधी आला, तर पेटलंच नाही. म्हणजे लवकर येऊ नये. देवा, लवकर येऊ नये.

२:२०. काही नाही.

२:३३. काही नाही. मिस्टर हॉलिसनी माझा हात धरलाय.

२:३६. चार हिरव्या रेषा. पाच मिनिटं आधी.

मागच्या रांगेत नवख्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांना गप्प केलं.

२:३८. मार्सेलाचा आवाज. दमलेली, खूश. म्हणते, गस मध्येच झोपले ते उठले नाहीत, पण मी दोन्ही बटणं दाबली, त्यांनी सांगितलं तशीच, थोडं थरथरलं. झालं ना? कॉरीन, तू सांग. तूच सांग. मी घरी निघाले ना?

माइक माझ्यापुढे ठेवलाय. सगळे खाली बघताहेत. मी बोलल्यावर अकरा मिनिटं ती अजून खूश असेल. आधी इथे लिहून पाहते, म्हणजे आवाज फुटणार नाही.

मार्सेला, मी कॉरीन. नीट ऐक. तू सगळं बरोबर केलंस, पण

मार्सेला, तू